लांबच्या एमटीबी (माउंटन बाइक) राइडला आणि रेसला खाणं-पिणं कसं न्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः सह्याद्रीतल्या तीन तासांपेक्षा मोठ्या राइड डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. हिमालय आणि रेसचे प्रश्न शेवटाकडे आहेत. डोंगरात सायकल चालवताना दोन्ही हात हँडलला अडकलेले असतात. त्यामुळे काय आणि किती न्यायचं यापेक्षा ते कुठे ठेवायचं यावरच राइड जास्त वेळा बिघडते. पाठीवरच्या सॅकच्या तळाशी चार लाडू असूनही माणूस उपाशी राहतो, कारण तिथवर हात पोहोचत नाही.

१. रस्त्यावर दोन बाटल्यांत १०० किमी होतात. ट्रेलवर वेगळं काय?

किलोमीटर सोडा, तास मोजा. मावळातल्या किंवा मुळशीतल्या दगडी वाटेवर सरासरी वेग ताशी ८ ते १२ किमी असतो. म्हणजे ४० किमीची राइड चार-पाच तासांची होते आणि त्यात सायकल ढकलत नेण्याचा वेळही येतो. डांबरी रस्त्यावर कधीही एक हात सोडता येतो, दर दहा किलोमीटरवर टपरी मिळते. ट्रेलवर दोन्ही नाही. शिवाय धक्क्यांनी बाटली उडते आणि चाकांचा चिखल तिच्या तोंडावर येतो (प्रश्न ५ आणि १३).

२. पाणी नेमकं किती न्यायचं?

हिवाळ्यात सकाळी तासाला साधारण ५०० मिली, मार्चनंतर ७५० मिली ते १ लिटर. पण घाम प्रत्येकाचा वेगळा, म्हणून एकदा स्वतःचा आकडा काढा. नेहमीच्या जोराने एक तास सायकल चालवा. आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६८.० चे ६७.४ किलो झाले आणि मध्ये ५०० मिली पाणी प्यायलं, तर घाम गेला ६०० अधिक ५००, म्हणजे तासाला १.१ लिटर. मधे लघवी झाली असेल तर चाचणी पुन्हा करा.

गेलेला सगळा घाम भरून काढायची गरज नाही. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली म्हणजे झालं. वरच्या उदाहरणात सहा तासांत ६.६ लिटर घाम जाईल. ६८ किलोचे दोन टक्के सुमारे १.३ लिटर, ते वजा केले तर प्यायला हवेत ५.३ लिटर. इतकं ओझं घेऊन कोणी चढत नाही. ३ लिटरचा ब्लॅडर (पाठीवरच्या पॅकमधली, प्यायची नळी असलेली पाण्याची पिशवी), ७५० मिलीची एक बाटली आणि वाटेत दीड-दोन लिटर भरायची एक खात्रीची जागा, असा हिशेब बसवा. ती जागा आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. सह्याद्रीचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, पावसाळ्यात धो-धो वाहणारे ओढे उन्हाळ्यात कोरडे असतात.

३. पाठीवर हायड्रेशन पॅक घ्यावा की फ्रेमवर बाटल्या?

तीन तासांच्या आत आणि वाटेत गाव असेल तर बाटल्या. पाठ मोकळी राहते, घाम वाळतो आणि किती प्यायलो ते डोळ्यांना दिसतं. चार तासांच्या पुढे किंवा वाट सतत खडकाळ असेल तर पॅक. नळी ओठांजवळ असते, हात फक्त क्षणभर सुटतो. त्यामुळे पॅकवाले थोडं थोडं पण वारंवार पितात.

पॅकची खोड अशी की आत किती उरलं ते कळत नाही आणि ब्लॅडर एकदम संपतो. म्हणून ब्लॅडरमध्ये साधं पाणी आणि फ्रेमवरच्या बाटलीत मिठा-साखरेचं पाणी (प्रश्न ९) ही विभागणी आम्हाला सर्वांत चांगली वाटते. ब्लॅडर चिकट होत नाही, तोंड खळखळून धुता येतं, जखम धुवायलाही पाणी राहतं. ३ लिटर पाणी, ट्यूब आणि हत्यारं मिळून पॅक साडेचार किलोच्या आसपास जातो. छातीचा पट्टा आवळलेला नसेल तर उतारावर तो मानेवर चढतो.

मधला पर्याय म्हणजे कमरेला बांधायचा दीड लिटरचा हिप पॅक. पाठ मोकळी राहते, पण पूर्ण भरला की उड्यांवर खाली घसरतो. त्यात लिटरभरच ठेवावं.

४. माझ्या फुल सस्पेन्शन सायकलच्या फ्रेममध्ये शॉक (मागच्या चाकाचे धक्के शोषणारा भाग) आहे, बाटली बसतच नाही. काय करू?

आधी बाजूने बाटली घालायचा केज (फ्रेमवर बाटली धरून ठेवणारी चौकट) लावून पाहा. छोट्या फ्रेममध्येही त्यात ५०० मिलीची बाटली बसते. डाउनट्यूबच्या (हँडलखालून पेडलकडे उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) खालच्या अंगाला भोकं असतील तर तिथेही केज लागतो, पण ती जागा थेट चाकासमोर असल्याने तिथे पिण्याची बाटली नको. घट्ट झाकणाच्या डब्यात ट्यूब आणि हत्यारं तिथे घाला आणि पॅकमधली जागा पाण्याला मोकळी करा.

नवीन काहीही बसवलं की एक तपासणी कराच. शॉकमधली हवा पूर्ण सोडा, सीटवर जोर देऊन सस्पेन्शन तळापर्यंत दाबा आणि बाटली, केज किंवा बॅग कुठे टेकते ते पाहा. अंगणात न टेकणारी बाटली मोठ्या उडीनंतर शॉकला घासते. हवेचा आकडा आधी लिहून ठेवा, म्हणजे परत तेवढाच दाब भरता येईल.

५. दगडांवरून उतरताना बाटली केजमधून उडून पडते. उपाय?

बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं. केज ॲल्युमिनियमचा असून ओठ पसरले असतील तर हाताने आत दाबा. बाटली जास्त जड असेल तर ९५० मिलीऐवजी ६०० ची वापरा. दुकानातली पाण्याची पातळ बाटली घातली असेल तर ती टिकणारच नाही. सायकलची बाटली सुमारे ७३ मिमी रुंद असते आणि तिला केजची जीभ अडकायला खाच असते. तशी खाच या बाटलीला नसते.

जुन्या ट्यूबची बोटभर रुंद गोल कडी कापून केज आणि बाटली या दोन्हींवर चढवली तर बाटली हलत नाही. काढायला एक सेकंद जास्त लागतो. केजचे दोन एम५ स्क्रू महिन्यातून एकदा ४ मिमीच्या ॲलन कीने तपासा, धक्क्यांनी ते सैल होतात. कार्बन फ्रेमला जोर लावू नका, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या मापावर) थांबा.

६. ब्लॅडरला वास येतो, नळीत काळे ठिपके दिसतात. आणि पाणी पाठीवर डुचमळतं, ते कसं थांबवायचं?

डुचमळतं ते आतल्या हवेमुळे. ब्लॅडर भरून बंद करा, उलटा धरा, म्हणजे हवा नळीच्या तोंडाशी येईल, आणि ती ओढून घ्या. पाणी ओठाला लागलं की हवा संपली.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती जवळजवळ नेहमी साखरेच्या पाण्यानेच येते. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवा, नळीतही ते भरा. मग नळीचा लांब ब्रश फिरवा आणि चोखायचा व्हॉल्व्ह काढून वेगळा घासा. पावसाळ्याच्या हवेत ब्लॅडर आठ दिवसही वाळत नाही. आत लाकडी चमचा घालून तो उघडा टांगा किंवा रिकामा करून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. ठिपके गेले नाहीत तर नळी बदला, ती ब्लॅडरपेक्षा बरीच स्वस्त मिळते.

७. दर तासाला किती खायचं?

दोन-तीन तासांच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पुरतं. त्याहून लांब किंवा रेसच्या जोराने जायचं असेल तर सरावाने ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण फक्त ग्लुकोजवर नाही. आतडं तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज शोषतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्ही मिळून जास्त पचतं. आपली साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते, गुळातही मुख्यतः तीच. या कामासाठी वेगळी महागडी पावडर लागतेच असं नाही.

सहा तासांचा एक नमुना, तासाला ५० ग्रॅमने एकूण ३०० ग्रॅम: ७५० मिली सरबताची (प्रश्न ९) भरलेली एक बाटली आणि आणखी दोन बाटल्यांचं मिश्रण पुड्यांत (१३५ ग्रॅम), तीन केळी (७५), दोन गूळपोळ्या (सुमारे ६०), ५० ग्रॅम चिक्की (सुमारे २५). सुरुवात पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच करा. भूक लागल्यावर खाल्लेलं पायांत उतरायला वेळ लागतो आणि तोवर घाट संपलेला नसतो.

८. तयार एनर्जी जेल आणि बार परवडत नाहीत. घरचं काय नेता येईल?

भरपूर. प्रवासाची शिदोरी बांधायची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि त्यातले बरेच पदार्थ सायकलवर चालतात.

गूळपोळी पहिल्या नंबरावर. चपटी, कोरडी आणि फ्रीजशिवाय काही दिवस टिकणारी. चार तुकडे करून न्या, अख्खी नेली तर चुरा होतो. आंबापोळीत जवळजवळ सगळी साखरच असते, ती वितळत नाही आणि पट्ट्या कापून गालात धरता येतात. पोळीला तूप लावून त्यावर दोन चमचे किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ पसरून घट्ट गुंडाळी केली की २५-३० ग्रॅमचा घास झाला. साधा खजूर एक नग सहा ग्रॅमच्या आसपास, बिया घरीच काढा. चार-पाच तासांनंतर गोडाचा वीट येतो, तेव्हा मीठ चोळलेले छोटे उकडलेले बटाटे किंवा इडली कामी येते. १०० ग्रॅम बटाट्यात १७ ते २० ग्रॅम मिळतात.

चिक्की चांगली, पण ती दाण्यांमुळे हळू पचते आणि पावसाळी हवेत चिकट होते, म्हणून ती सुरुवातीला खावी. राजगिऱ्याची वडी हलकी असते, मात्र कोरड्या तोंडात अडकते आणि दम लागलेला असताना चुरा घशात जातो. घोटभर पाणी घेऊनच खा.

डिंकाचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ राइड संपल्यावर. तूप-तेल पोटात बसून राहतं. पुरणपोळी ओलसर असल्याने उन्हात दुपारपर्यंत आंबते. चॉकलेट ३० अंशांच्या पुढे वितळायला लागतं, एप्रिलमध्ये ते बॅगेत पसरलेलं सापडेल.

९. ओआरएस घातलं की पुरे ना? की सरबत करू?

ओआरएस जुलाबासाठी बनवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका केळ्याच्या निम्मं. मीठ भरून निघतं, ताकद नाही.

७५० मिलीच्या बाटलीसाठी आमचं प्रमाण: साखर ४५ ग्रॅम (सपाट साडेतीन मोठे चमचे), मीठ पाव लहान चमचा, एका लिंबाचा रस. यात सहा टक्के साखर होते आणि सुमारे ०.६ ग्रॅम सोडियम मिळतं. कपडे वाळल्यावर ज्यांच्या टोपीवर, पाठीवर पांढरे डाग उमटतात त्यांनी मीठ थोडं वाढवावं. लिंबाऐवजी कोकम आगळ घेतलं तर आगळात आधीच मीठ असतं, वरून घालू नका. दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीची साखर-मीठ पुडी मोजून बांधून न्या. टपरीवर अंदाजाने घातलेली साखर बहुधा दुप्पट होते आणि मग प्रश्न ११ उभा राहतो.

उरलेलं सरबत गाडीत बंद बाटलीत ठेवू नका. उष्णतेत ते आंबतं आणि झाकण उघडताच अंगावर येतं.

१०. खाणं सोबत असतं, पण खायला थांबावं लागतं. सायकल चालवता-चालवता कसं खायचं?

स्टेम बॅग घ्या. हँडलमागे, स्टेमला (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाला) लागून बसणारी लिटरभर मापाची पिशवी, वरून उघडी. तिच्यात बाटलीही मावते. बांधल्यावर पेडलवर उभे राहून गुडघा लागतो का आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का ते पाहा. खालचा पट्टा सस्पेन्शन फोर्कच्या वर-खाली होणाऱ्या पायाला बांधू नका. टॉप ट्यूबवरची (फ्रेमच्या वरच्या नळीवरची) झिपवाली बॅग पावसात बरी, पण धुळीने झिप अडकते आणि एका हाताने उघडत नाही. सीटखालच्या बॅगेत फक्त राखीव माल. ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच सीट वर-खाली करता येणारी दांडी) असेल तर तीही नको, सीट खाली गेली की चाकाला घासते.

तुकडे एका घासाचे करा, साधारण तीन सेंटिमीटरचे. बटर पेपरच्या चौकोनात ठेवून एकाच टोकाला पीळ द्या. पीळ दातात धरून तुकडा अंगठ्याने वर ढकलला की तोंडात येतो, हातमोजे काढावे लागत नाहीत. ॲल्युमिनियम फॉइल चिक्कीला चिकटतो आणि दाताखाली येतो. रिकाम्या कागदांसाठी वेगळा खिसा ठरवा. खाण्याच्याच पिशवीत कागद गेले की पुढच्या वेळी हाताला कागदच लागतात.

खायची जागा म्हणजे सपाट किंवा हलका चढ. उभ्या चढावर दम लागलेला असतो, उतारावर हात अडकलेले. मोठा चढ दिसला की त्याच्या दहा मिनिटं आधी खा. घड्याळात दर २० मिनिटांचा गजर लावा, कठीण वाटेवर वेळेचं भान राहत नाही.

११. तीन तासांनंतर मळमळतं, पोट फुगतं. का?

बहुधा पोटात साखर जास्त आणि पाणी कमी. दाट सरबतावर खजूर आणि वर जेल असं झालं की ते पातळ करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढतं. वेग कमी करा, १५-२० मिनिटं फक्त साधं पाणी घोट-घोट घ्या, सावलीत थांबा, मग अर्ध्या केळ्यापासून पुन्हा सुरू करा. ऊन आणि जोर जितका जास्त, तितका पोटाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी, म्हणून घरी सहज पचलेलं एप्रिलमध्ये पचत नाही. रेसच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. जे खायचं ते आधीच्या चार-पाच लांब राइडना खाऊन पाहा.

१२. उन्हाळ्यात तासाभरात पाणी चहासारखं गरम होतं. काय करावं?

बाटली दोन-तृतीयांश भरून आडवी, तिरकी फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी गोठताना फुगतं, काठोकाठ भरलेली बाटली फुटेल. निघताना वरून पाणी घाला. ब्लॅडरमध्ये बर्फाचे खडे घाला. नळीतलं पाणी सर्वांत आधी तापतं, पहिला घोट मानेवर टाकून द्या. मार्च ते मे मध्ये मोठी राइड पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवणं यापेक्षा चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

१३. पावसाळ्यात बाटलीच्या तोंडावर चिखल येतो. पुसून प्यायलं तर चालेल?

नाही. त्या चिखलात शेण आणि उंदीर-गुरांचं मूत्र असतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तोंडाच्या आतल्या त्वचेतून आणि ओरखड्यांतून शरीरात शिरतात. टोपण असलेली बाटली किंवा झाकणाचा व्हॉल्व्ह असलेला ब्लॅडर वापरा. तोंड माखलं असेल तर आधी थोडं पाणी पिचकारीसारखं बाहेर सोडून ते धुवा. राइडनंतर आठवडा-दोन आठवड्यांत थंडी-ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना चिखलात सायकल चालवल्याचं आवर्जून सांगा.

१४. किल्ल्यावरच्या टाक्यातलं किंवा ओढ्याचं पाणी भरलं तर?

शुद्ध करूनच. आधी रुमालाच्या चार घड्यांतून गाळा, मग क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात घालून किमान अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी त्याला दाद देत नाहीत. गुरं उतरतात अशा जागी पिळून वापरायचा फिल्टर जास्त भरवशाचा. गोळी घातलेल्या बाटलीत लिंबू-साखर अर्ध्या तासानंतरच घाला, आधी घातलं तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. गावातल्या हापशाचं किंवा घरातलं पाणी मिळत असेल तर टाक्याकडे वळू नका.

१५. भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखतं, बोटं सुजतात. अजून पिऊ का?

थांबा. वजन राइडच्या आधीपेक्षा वाढलेलं असेल, अंगठी घट्ट झाली असेल, तर पाणी जास्त आणि रक्तातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं. अशा वेळी आणखी साधं पाणी धोक्याचं ठरतं. खारट काही खा, पिणं थांबवा. उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा झटके दिसले तर तडक दवाखाना. सावकाश पाच-सात तास चालवणाऱ्या आणि गजर लावून पाणी पिणाऱ्या नवख्यांना हा धोका जास्त असतो. प्रश्न २ मधला आकडा ही वरची मर्यादाही आहे.

१६. उपवास असेल त्या दिवशी लांब राइड करता येते का?

निर्जळी असेल तर नाही, साफ नाही. फराळ चालत असेल तर खजूर, केळी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याची वडी, दाण्याची चिक्की आणि सैंधव घातलेलं लिंबू सरबत यांवर पाच तास व्यवस्थित निघतात. सैंधवातही सोडियमच असतं, प्रमाण प्रश्न ९ प्रमाणेच.

१७. मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. वेगळं काय न्यावं?

डोस किती बदलायचा ते डॉक्टरच ठरवतील. न्यायचं म्हणाल तर ग्लुकोज पावडरच्या १५ ग्रॅमच्या (तीन लहान चमचे) किमान चार पुड्या, त्याही खिशात, पॅकमध्ये नाही. साखर उतरल्याची शंका आली की थांबा, एक पुडी घ्या, १५ मिनिटांनी तपासा, गरज पडल्यास पुन्हा घ्या. अशा वेळी चिक्की किंवा चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर पोहोचायला उशीर करते. सोबत्याला पुडी कुठे आहे ते निघण्याआधी दाखवा. इन्सुलिन उन्हात ठेवू नका.

१८. स्पिती-लडाखला हेच चालेल?

थोडा बदल करून. उंचीवर भूक मरते आणि कोरड्या हवेत श्वासातून पाणी जातं, घाम मात्र जाणवत नाही. गिळायला सोपं खाणं न्या. सकाळच्या थंडीत नळी गोठते, म्हणून प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतलं पाणी मागे ढकला. चिक्की दगड होते, ती आतल्या खिशात ठेवा. पाणी उकळताना खळखळ उकळी तीन मिनिटं राहू द्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, एक मिनिट पुरत नाही.

१९. रेसमध्ये मित्राकडून वाटेत बाटली घेतली तर बाद होतो का?

होऊ शकता, रेसच्या प्रकारावर आहे. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) क्रॉस-कंट्री ऑलिम्पिक प्रकारात खाणं-पिणं फक्त ठरलेल्या फीड झोनमध्ये (खाणं-पिणं देण्यासाठी आखलेल्या जागेत) घेता येतं. देणाऱ्याने ते हातात द्यायचं, स्वाराबरोबर पळायचं नाही. ही रेस दीड तासाच्या आसपास संपते, दर फेरीला एक बाटली मिळते, पाठीवर काही लागत नाही. मॅरेथॉन प्रकार ६० ते १६० किमीचा, त्यात फीड झोनमधलं अंतर पाहून एक बाटली जास्त धरा. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक आठ दिवस चालते आणि पाणी आयोजकांच्या थांब्यांवर मिळतं. टूर डिव्हाइडसारख्या बिनसोबतीच्या लांब रेसमध्ये सर्वांना खुल्या दुकानातून काहीही विकत घेता येतं, पण फक्त तुमच्यासाठी उभ्या असलेल्या मित्राची केळीही चालत नाहीत. कागद वाटेवर टाकल्यास दंड किंवा बाद हा नियम जवळपास सगळीकडे आहे. आपल्याकडच्या रेसचं नियमपत्रक आधी वाचा, ‘बाहेरची मदत’ हा शब्द शोधा.

२०. राखीव म्हणून वेगळं किती ठेवायचं?

४०-५० ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि अर्धा लिटर पाणी, राइड कितीही लहान असो. चेन तुटली, वाट चुकली, कोणी पडलं तर दोन तास सहज वाढतात. राखीव पुडीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा, म्हणजे ती सहज फोडली जात नाही आणि जुनीही होत नाही. आंबापोळी यासाठी उत्तम. गडांवर माकडं आहेत, म्हणून ही पुडी बाहेरच्या जाळीच्या खिशात नको. आत, पंपाच्या शेजारी ठेवा.